नाशिक ते तेरेखोल: खाड्यांच्या वाटेने

त्र्यंबकेश्वराच्या पाठीशी उभ्या असलेल्या ब्रह्मगिरीच्या परिसरात पडणाऱ्या पावसाचे भवितव्य फार थोडक्या अंतराने ठरते. पूर्वेच्या उतारावर आलेले पाणी गोदावरीच्या पात्रात शिरून, चौदाशेहून अधिक किलोमीटरांची मजल मारून बंगालच्या उपसागराला मिळते. आणि त्याच डोंगररांगेच्या पश्चिम अंगाला पडलेले पाणी वैतरणेच्या ओघात सापडून, वाटेतल्या धरणांत मुंबईकरांच्या तहानेसाठी अडवले गेले नाही तर, अरबी समुद्राचा जवळचा रस्ता धरते. ब्रह्मगिरीपासून हा समुद्र हवाई अंतराने सुमारे ऐंशी किलोमीटर एवढाच दूर आहे. तथापि नाशिककराचे सारे जीवन गोदावरीच्या मुखाकडे पाहत घडले असल्यामुळे पश्चिमेचा समुद्र त्याला शेजारी असूनही परका वाटत आला आहे. हा परकेपणा काही अंशी तरी कमी करावा, आणि तो सायकलीवरून, म्हणजे माणसाला घाम आणि भूप्रदेशाचा चढउतार या दोहोंचा हिशेब एकदमच कळेल अशा वाहनावरून करावा, या विचाराने आम्ही काही मित्र माघाच्या अखेरीस त्र्यंबकच्या रस्त्याला लागलो.

नाशिकात सायकलीचे प्रस्थ आता मोठे आहे. २०१५ साली येथील डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची, जवळजवळ पाच हजार किलोमीटरांची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघाने पुरी केली, त्यानंतर तर पहाटे हेल्मेट घालून शहराबाहेर पडणाऱ्यांत डॉक्टर, वकील, व्यापारी, निवृत्त मामलेदार अशा सर्व थरांतील माणसे दिसू लागली, आणि पंढरपूरची सायकलवारी हा दरसालचा प्रघात होऊन बसला. आमच्या पायांत शर्यतीचे बळ नव्हते आणि मनात तिची हौसही नव्हती. जव्हारवरून डहाणूला उतरावे आणि तेथून समुद्र उजव्या हाताला ठेवून गोव्याच्या हद्दीपर्यंत जावे, एवढाच बेत होता. महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटरांचा, असे भूगोलाच्या पुस्तकात पढलेलो असल्यामुळे मार्गाचा अंदाजही आम्ही त्याच मानाने बांधला होता.

त्र्यंबक सोडले की मोखाड्यापर्यंत आणि पुढे जव्हारपर्यंत रस्ता सह्याद्रीच्या कण्यावरून वळसे घेत उतरतो. नागली-वरईचे ओसाड दिसणारे उतार, पळसाला आलेला पहिला बहर आणि डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन चालणाऱ्या वारली व कोकणा स्त्रिया यांवाचून या टापूत फेब्रुवारीत फारसे काही हालत नाही. जव्हार हे महादेव कोळी समाजातील मुकणे घराण्याचे संस्थान. चौदाव्या शतकापासून भारतात विलीन होईपर्यंत इतका दीर्घ काळ एका आदिवासी राजवंशाने राज्य केल्याचे उदाहरण महाराष्ट्रात दुसरे नाही. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराज सुरतेवर गेले ते याच वाटेने. त्र्यंबकेश्वराच्या दर्शनाचे निमित्त पुढे करून ते नाशिकच्या बाजूने आले आणि जव्हारच्या मुलखातून उत्तरेकडे वळले. जव्हारजवळच्या शिरपामाळावर त्यांच्या त्या मुक्कामाचे स्मारक आहे. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात, येथून शेकडो किलोमीटर दक्षिणेला, मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्गाच्या बांधकामास प्रारंभ झाला. आमच्या वाटेची दोन टोके अशी एकाच वर्षाच्या इतिहासाने जोडलेली होती.

डहाणूला समुद्र प्रथम दिसतो तो चिकूच्या वाड्यांच्या पलीकडे. घोलवड-बोर्डीच्या या वाड्यांत इराणी आणि पारशी बागाईतदारांनी घातलेले श्रम आता भौगोलिक मानांकनापर्यंत पोहोचले आहेत. किनाऱ्याने दक्षिणेकडे वळल्यावर मात्र आमच्या पुस्तकी अंदाजाला पहिला धक्का बसला. केळव्याच्या पुढे वैतरणेचे मुख इतके रुंद झाले आहे की काठाने सरळ पुढे जाणारी सडकच नाही. महामार्गापर्यंत आत शिरून, पूल ओलांडून पुन्हा समुद्राकडे यावे लागते. त्र्यंबकच्या डोंगरात जी नदी कोणीही उडी मारून ओलांडावी एवढीच असते, तिने येथे आम्हांला अख्खा दिवस फिरवले. समुद्रकाठचा प्रवास हा वस्तुतः नद्यांच्या मुखांचा प्रवास आहे, हे सत्य पुढे प्रत्येक तालुक्यात नव्याने पटत गेले.

सोपारा आज विरारच्या गर्दीत हरवून गेले आहे. तथापि ज्या बंदरातून देशावरचा माल घाट उतरून परदेशी जात असे आणि ज्याच्याशी नाशिकचा व्यापार सातवाहनकाळापासून बांधलेला होता, ते शूर्पारक हेच. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली येथील स्तूप उकरला, आणि अशोकाच्या शिलाशासनाचा एक तुकडाही त्यांना याच गावी मिळाला. पलीकडे वसईचा कोट उभा आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ साली तो घेतला तेव्हा उत्तर कोकणातील फिरंगी अंमल संपला. मुंबई आम्ही शक्य तितक्या त्वरेने पार केली, कारण तेथे सायकलस्वाराला समुद्र दिसतो पण रस्ता दिसत नाही. आणि बोटीत सायकली चढवून अलिबागच्या भूमीवर उतरलो.

अलिबाग तालुका हा खारेपाटाचा मुलूख आहे. समुद्राचे पाणी बांध घालून बाहेर ठेवायचे आणि आतल्या खारट जमिनीत भात पिकवायचे, हा येथल्या शेतकऱ्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा संग्राम; बांध फुटला की पुढची काही वर्षे शेत नापीक. या जमिनीवर खोतांचा हक्क आणि कुळांचे कष्ट अशी वाटणी होती. तिच्याविरुद्ध नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरी गावाच्या परिसरातील कुळांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे शेते पडीक ठेवून संप केला आणि डॉ. आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. एवढा दीर्घ शेतकरी संप देशात क्वचितच झाला असेल. सुपीक भूमीवर राहणाऱ्या आम्हां देशावरच्या लोकांना हा संयम नीट उमगणे कठीण आहे.

याच तालुक्यातील कार्ले, खंडाळे, नेहुली या गावांत भाताची कापणी झाल्यावर उरलेल्या ओलीवर पांढरा कांदा घेतात. नाशिककर कांद्याविषयी कोणाचे ऐकून घ्यावयास सहसा तयार नसतो. लासलगावच्या बाजारात ट्रॅक्टरांच्या रांगा, लिलावाचा पुकारा, चाळीत भरलेला उन्हाळ कांदा आणि भाव पडला की रस्त्यावर ओतलेले ढीग, हेच त्याचे कांद्याचे विश्व. येथे रस्त्याच्या कडेला एका ओसरीवर बसलेली वयस्क बाई कांदा विणत होती. पात न कापता अर्धवट सुकवायची, दोन-दोन कांदे घेऊन त्यांच्या पाती काथ्याच्या दोरीभोवती एकाआड एक गुंफायच्या, प्रत्येक फेऱ्याला दोरी अंगठ्याने आवळायची, आणि माळ हातभर झाली की ती वर टांगून मोकळ्या हाताने दुसरी सुरू करायची, असा तिचा क्रम चालला होता. तिच्या पाठीमागे वाशाला पन्नासेक माळा लोंबत होत्या. “कुठचे तुम्ही?” असे तिने विचारले आणि नाशिकचे म्हणताच ती मान हलवून हसली. “तुमचा तिखट, भाकरीसंगती खायाचा तो हा,” एवढाच निवाडा तिने दिला. १८८३ च्या कुलाबा गॅझेटिअरात या कांद्याची नोंद आहे आणि २०२२ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. येथे माल वजनापेक्षा माळेवर विकला जातो आणि ती विणण्याचे कसब घरातील स्त्रियांच्या हाती असल्यामुळे विक्रीचा पैसाही पुष्कळदा त्यांच्याच हाती येतो, ही गोष्ट आमच्याकडील बाजार समित्यांच्या व्यवहाराहून निराळी आणि विचार करण्याजोगी वाटली.

अलिबाग गावात कान्होजी आंग्र्यांची समाधी आणि भरतीला पाण्याने वेढला जाणारा कुलाब्याचा किल्ला पाहावयास सारेच जातात. चुंबकीय वेधशाळेकडे मात्र फार थोड्यांची पावले वळतात. पृथ्वीच्या चुंबकत्वाचे मापन एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून मुंबईस कुलाब्याला होत असे. तेथे विजेवर चालणाऱ्या ट्रॅमगाड्या येणार असे ठरल्यावर त्या विजेने मोजमापे बिघडू नयेत म्हणून १९०४ साली हे काम अलिबागला हलवण्यात आले, आणि ज्या बांधकामात लोखंडाचा लवलेशही नाही अशा इमारतीत यंत्रे ठेवण्यात आली. गावाबाहेर अक्षीला एक शिलालेख आहे. शिलाहारांच्या काळातील, शके ९३४ म्हणजे इसवी सन १०१२ चा मानला जाणारा हा लेख मराठी भाषेच्या सर्वांत जुन्या ज्ञात लेखांत गणला जातो. सुपारीच्या वाडीशेजारी, रहदारीच्या रस्त्याच्या कडेला आपल्या भाषेचे एवढे प्राचीन दफ्तर उभे आहे, याची जाणीव तेथून भरधाव जाणाऱ्या पर्यटकांपैकी कितीजणांस असेल!

या किनाऱ्यावर भाषांचे आणि धर्मांचे थर एकमेकांवर साचलेले आहेत. जवळच्या नवगावला गलबत फुटून बेने इस्राएलांचे पूर्वज किनाऱ्याला लागले, अशी त्या समाजाची परंपरा सांगते; तेल गाळण्याचा व्यवसाय आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. रेवदंड्याचा पूल ओलांडून गेले की कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत ‘नॉ लिंग’ नावाची बोली आजही कानी पडते. पोर्तुगीज शब्दांना मराठीची घडण लाभून तयार झालेली ही बोली, पोर्तुगीज अंमल जाऊन पावणेतीनशे वर्षे उलटली तरी, टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या त्या एका गावाने जतन केली आहे.

मुरूडला सिद्दीचा जंजिरा दिसतो. अबिसिनियातून आलेल्या या दर्यावर्दी घराण्याचा किल्ला मराठ्यांना, इंग्रजांना किंवा पोर्तुगीजांना कधीही जिंकता आला नाही आणि १९४८ साली संस्थान विलीन होईतो त्याचे निशाण फडकत राहिले. पलीकडे समुद्रातच महाराजांनी त्याच्या उरावर बांधवलेला पद्मदुर्ग दिसतो. दोन किल्ल्यांमधल्या त्या पाण्याच्या पट्ट्यात सतराव्या शतकातील सत्तासंघर्षाचा सारा नकाशा उभा राहतो. आगरदांड्याहून दिघीला फेरीबोटीने राजपुरीची खाडी ओलांडली आणि आम्ही श्रीवर्धनात आलो. पेशव्यांच्या भट घराण्याचे हे मूळ गाव, आणि सुपारीच्या ‘श्रीवर्धनी रोठा’ या जातीचेही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यावर आदळले. ताशी शंभर किलोमीटरांहून अधिक वेगाच्या वाऱ्याने सुपारी आणि नारळाची आगरेच्या आगरे आडवी केली. सुपारीचे झाड फळावर यावयास पाच-सात वर्षे लागतात. त्यामुळे वाडीत उंच जुन्या पोफळींच्या मध्ये नव्या, कमरेएवढ्या रोपांच्या रांगा दिसतात तेव्हा वादळाचा आकार अजूनही उजेडाच्या रूपाने जमिनीवर पडलेला असतो: जुन्या वाडीत ऊन खाली पोहोचत नसे, आता ते पोहोचते.

हरिहरेश्वराखाली सावित्रीच्या मुखाशी बागमांडला आहे आणि पलीकडे रत्नागिरी जिल्ह्यातील वेसवी. फेरीबोटीची वाट पाहत उभे असता खाडीच्या पात्रात अर्धवट राहिलेल्या पुलाचे खांब दिसतात. बोट आली, तिच्या तोंडाचा लोखंडी दरवाजा धक्क्याच्या उतारावर पडला, आणि मुंबईची मोटार, बर्फाने भरलेला मासळीचा टेम्पो, शेळ्या घेऊन निघालेला एक मुलगा, शाळेच्या पिशव्या सावरणाऱ्या मुली आणि आमच्या सायकली असे सारे एकाच फळीवर उभे राहिलो. याच ठिकाणी मला नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्याची आठवण झाली. शकक्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी तेथे जो लेख कोरविला, त्यात त्याने केलेल्या दानांची यादी आहे. आणि गायी, गावे, सुवर्ण यांच्याबरोबर त्या यादीत इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर वाटसरूंसाठी विनामूल्य नावा ठेवल्याचा, दोन्ही तीरांवर विसाव्याच्या जागा आणि पाणपोया बांधल्याचा उल्लेख आहे. एका गावी बत्तीस हजार नारळीची झाडे दिल्याचेही त्यात नमूद आहे. पारादा आणि दमण, म्हणजे आजच्या पार आणि दमणगंगा, या तर आमच्याच जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगरांतून निघणाऱ्या नद्या, आणि दाहनुका म्हणजे जेथे आम्ही प्रथम समुद्र पाहिला ती डहाणूची खाडी. नाशिकच्या काळ्या पाषाणात लिहिलेली ती यादी मी लहानपणापासून अनेकदा पाहिली होती, पण नावेचे दान हे सुवर्णाच्या दानाच्या पंक्तीला का बसविले, हे खाडीच्या काठावर ताटकळत उभे राहिल्यावाचून कळण्यासारखे नव्हते. या मुलखात जो खाडी पार करवितो तो रस्ताच देतो.

वेसवीहून बाणकोटच्या किल्ल्याला वळसा घालून वेळासला पोहोचता येते. इंग्रजांनी पेशव्यांकडून मिळविलेला बाणकोट हा त्यांच्या पश्चिम किनाऱ्यावरील आरंभीच्या ठाण्यांपैकी एक. त्यांनी त्याला व्हिक्टोरिया हे नाव दिले आणि दक्षिण कोकणच्या कारभाराचे ठाणे १८२२ साली रत्नागिरीस जाईपर्यंत येथेच होते. वेळास हे नाना फडणविसांच्या भानू घराण्याचे गाव. आज मात्र त्याची ख्याती कासवांमुळे आहे. ऑलिव्ह रिडले जातीची मादी हिवाळ्यात रात्री वाळूवर येऊन, खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि समुद्रात निघून जाते; पूर्वी ही अंडी माणसे, कोल्ही-कुत्री खाऊन टाकीत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांच्या साहाय्याने घरटी शोधून, अंडी कुंपणाच्या आतील वाळूत तेवढ्याच खोलीवर पुन्हा पुरण्यास सुरुवात केली. सुमारे पन्नास दिवसांनी पिले वर येतात. आम्ही पहाटे गेलो तेव्हा गावातील एका तरुणाने घरट्यावर पालथी घातलेली टोपली उचलली. खाली तळहाताहून लहान, शिशाच्या रंगाची पिले एकमेकांवर चढत होती. ती पाण्यापासून काही अंतरावर सोडली. हातात उचलून समुद्रात का टाकत नाही, असे आमच्यातील एकाने विचारता तो म्हणाला, “चालू दे त्यांना दादा, ती वाळू त्यांना वळखायची आहे.” मोठी झाल्यावर माद्या पुन्हा याच किनाऱ्याला अंडी घालण्यास येतात, असे अभ्यासक मानतात. वाळू तापलेली असेल तर माद्या अधिक जन्मतात आणि थंड असेल तर नर, हेही तेथेच कळले. या कासवांनी गावातील अनेक घरांना पाहुणे आणि त्यांच्या जेवणाखाणाचा रोजगार मिळवून दिला आहे. संरक्षण टिकले ते या अर्थकारणामुळेही टिकले, हे गावकरी मोकळेपणी बोलून दाखवतात.

येथून दक्षिणेला सायकलस्वाराला कोकणाची खरी परीक्षा द्यावी लागते. खाडीच्या काठावरून रस्ता एकदम चढू लागतो, सड्यावर येतो, जांभ्याच्या उघड्या माळावरून काही मैल जातो आणि पुढच्या खाडीकडे तितक्याच उतावळेपणाने कोसळतो. ब्रेक तापतात, पुढचा चढ दिसतो, आणि गिअर उतरवीत माणूस मुकाट्याने पॅडल मारीत राहतो. सुदैवाने या दिवसांत दुपारनंतर समुद्रावरून येणारा खारा वारा वायव्येच्या अंगाचा असल्याने दक्षिणेस जाणाऱ्याच्या पाठीवर येतो; उलट दिशेने जाणाऱ्या दोन तरुणांच्या चेहऱ्यांवरून आम्हांला आमच्या दैवाचे मोल कळले.

दाभोळ हे बहामनी आणि आदिलशाही काळातील मोठे बंदर. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेइदा याने ते जाळले. त्यानंतरही ते पुन्हा उभे राहिले, त्याची साक्ष खाडीकाठची सतराव्या शतकातील घुमटाची मशीद देते. मशिदीच्या समोर वाशिष्ठीच्या पलीकडे ज्या वीजप्रकल्पाने एन्रॉनच्या नावाने नव्वदीच्या दशकात महाराष्ट्राचे राजकारण ढवळून काढले, त्याची धुराडी दिसतात. धोपाव्याला उतरून गुहागरकडे वळलो तेव्हा शिमगा सुरू झाला होता. ग्रामदेवतेची पालखी खांद्यावर नाचवीत घरोघर नेतात, अंगणात गाऱ्हाणे घातले जाते, संकासुराची काळी सोंगे मुलांच्या मागे धावतात. आणि जी घरे एरवी कुलूपबंद असतात, ती मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांनी भरून जातात. कोकणातील गावांचे अर्थशास्त्र मनीऑर्डरीवर चालते असे पूर्वी म्हणत. मनीऑर्डर गेली, पण गाव आणि गिरणगाव यांमधला तो दोर या पालखीच्या दिवशी अद्याप ताणलेला दिसतो.

तवसाळहून शास्त्री नदीची खाडी ओलांडून जयगड, मग केशवसुतांचे मालगुंड आणि गणपतीपुळे करीत रत्नागिरी. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ साली येथे आणून ठेवले. १९१० साली त्याच्यासाठी राजवाडा बांधून दिला आणि १९१६ साली तो येथेच वारला. समुद्रापासून दूर असलेल्या मंडालेच्या राजाला उरलेले आयुष्य समुद्राकडे पाहत कंठावे लागले, तर रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्यांना त्याच मंडालेत तुरुंगवास घडला.

रत्नागिरीच्या दक्षिणेस सड्यावर कातळशिल्पे आहेत. नाशिकचा दगड म्हणजे लाव्हारसाचा काळाकभिन्न बसाल्ट. त्याच खडकाचे उष्ण-दमट हवेत युगानुयुगे अपक्षरण होऊन कोकणात तांबडा, सच्छिद्र जांभा बनला, आणि तोच चिऱ्यांच्या रूपाने येथील प्रत्येक भिंतीत आहे. कशेळीजवळ माळावर गवत वाळलेले होते. त्यातून पावले टाकीत गेलो तेव्हा पायांखालच्या सपाट कातळात एक खोल रेघ दिसली. तिच्यामागोमाग चालत राहिल्यावर ती रेघ पाठ झाली, मग सोंड, मग पाय. सुमारे अठरा मीटर लांबीचा हत्ती आणि त्याच्या पोटात कोरलेले इतर अनेक प्राणी. एकाच जागी उभे राहून तो पुरता दिसत नाही, त्याच्याभोवती चालावे लागते. ज्या अज्ञात कलावंतांनी हे केले ते कोण, केव्हाचे, याविषयी संशोधन चालू आहे. ठिकठिकाणच्या शिल्पांत गेंड्याच्या आकृतीही ओळखल्या गेल्या आहेत आणि गेंडा आज कोकणात नाही, यावरून त्यांच्या प्राचीनत्वाची कल्पना यावी. सुधीर रिसबूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव हिंडून ही शिल्पे उजेडात आणली आणि २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत त्यांचा समावेश झाला.

विजयदुर्गावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकयर या इंग्रज शास्त्रज्ञाने येथूनच हेलियमचा शोध लावला, असे सांगण्याचा प्रघात आहे, आणि त्या तिथीला गडावर समारंभही होतो. वास्तविक त्या ग्रहणाच्या वेळी फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन गुंटूरला होता, लॉकयरने त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात इंग्लंडमधून सूर्याच्या वर्णपटातील ती पिवळी रेषा न्याहाळली, आणि विजयदुर्गावर तो आला तो तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. तोपर्यंत हेलियम पृथ्वीवरही सापडला होता. सत्य असे असले तरी विजयदुर्गाचा मान उणावत नाही: ज्या गडावरून आंग्र्यांचे आणि पुढे धुळपांचे मराठी आरमार समुद्रावर दस्तक चालवीत होते, तेथे शतकभरात आकाशाचा वेध घेणारी दुर्बीण उभी राहिली, ही संगती स्वतःच पुरेशी नवलाची आहे.

देवगडात हापूसच्या पहिल्या पेट्या मुंबईस रवाना होत होत्या. मालवणला पहाटे रापण ओढली जात होती. होडीने अर्धवर्तुळ काढून टाकलेले प्रचंड जाळे, त्याचे दोन दोर किनाऱ्यावर, आणि प्रत्येक दोराला वीस-पंचवीस माणसे. आम्ही पाहत उभे राहिलो तो एक वृद्ध गाबीत मच्छीमार म्हणाला, “काकानू, दोरयेक हात लावा, वाटो गावतलो.” दोर ओला, खरखरीत आणि अपेक्षेपेक्षा जड होता, तळहात तासाभरात लाल झाले. जाळे वाळूवर आल्यावर बांगडे आणि तारली यांचे ढीग पाडण्यात आले: जाळ्याच्या मालकांचा, होडीचा, ओढणाऱ्यांचा, आणि ऐनवेळी हात लावणाऱ्यांचाही. या व्यवस्थेत कोणाचीही वाटणी लेखी नसते, तरी तंटा क्वचितच होतो. तंटा आहे तो खोल समुद्रात. यांत्रिक पर्ससीन जाळी किनाऱ्यालगतची मासळी उपसून नेतात, ही रापणकरांची फिर्याद जुनी आहे. शासनाने २०१६ साली त्या जाळ्यांवर निर्बंध घातले, पण रापणीत येणारा मासा पूर्वीइतका येत नाही, असे दोर सोडता सोडता सगळेच सांगत होते. समोर सिंधुदुर्गाची तटबंदी उन्हात आली होती.

वेंगुर्ल्याची डचांची वखार आणि काजूच्या बागा मागे टाकून, रेडीच्या लोहखाणींच्या तांबड्या धुळीतून आम्ही तेरेखोलला पोहोचलो. नदीच्या उत्तर तीरावरील हा किल्ला गोव्याच्या हद्दीत आहे. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रह्यांनी पोर्तुगीजांच्या डोळ्यांदेखत त्यावर तिरंगा फडकविला होता. पलीकडच्या केरीला जाण्यास गोवा शासनाची फेरीबोट आहे आणि तिच्यावर पायी जाणाऱ्याला भाडे द्यावे लागत नाही. आमच्या सायकलींचेही कोणी मागितले नाही.

रेवस ते रेडी सागरी महामार्गाची कल्पना बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना, १९८० च्या सुमारास पुढे आली. आता खाड्यांवरील मोठ्या पुलांना वेग दिला जात आहे, आणि तो दिला जावा याविषयी दुमत नसावे. रात्री अडलेल्या बाळंतिणीला तालुक्याच्या दवाखान्यात नेण्यासाठी पहाटेच्या पहिल्या बोटीची वाट पाहावी लागणे, हे कोणत्याही निसर्गसौंदर्याच्या मोबदल्यात समर्थनीय नाही. परंतु पूल मोटारीच्या सोयीने, खाडीच्या मुखापासून आणि बंदरातल्या बाजारापासून दूर व उंच जाईल. पाटी घेऊन पलीकडे जाणारी कोळीण, शाळेतली मुले आणि सायकलीवरचा माणूस यांना मात्र खाडी तेथेच ओलांडावयाची असते जेथे धक्का आहे. त्यांच्यासाठी लहान बोटी चालू ठेवाव्यात, आणि शक्य तर बिनभाड्याच्या ठेवाव्यात. तेरेखोलला हे रोज घडते आहे. बाणकोटला आणि दाभोळला ते का घडू नये, याचा जाब पूल बांधणाऱ्या खात्याला आतापासूनच विचारला पाहिजे.